हे अजून चालतं का हो?

माणसाच्या आयुष्यातले मूलभूत प्रश्न कोणते, यावर तत्त्वज्ञांत फार जुना वाद आहे. 'मी कोण?', 'कुठून आलो?', 'कुठं जाणार?' असले प्रश्न ते विचारतात. यांतले शेवटचे दोन प्रश्न आमच्या बुलढाण्याच्या एस. टी.तला कंडक्टरही रोज विचारतो आणि वर तिकीट देतो. तत्त्वज्ञ तेवढंही देत नाहीत. बँकेच्या काउंटरमागं वीस-बावीस वर्षं काढल्यावर माझं मत असं झालं आहे, की खरा मूलभूत प्रश्न एकच आहे : "हे अजून चालतं का हो?"

हा प्रश्न विचारणारा माणूस रिकाम्या हातानं येत नाही. त्याची मूठ उघडते आणि काचेखालून एखादं नाणं, चार घड्या पडून मऊ झालेली नोट, नाही तर पिवळं पडलेलं चेकबुक माझ्यापुढं सरकतं. चार आण्याचं, म्हणजे पंचवीस पैशांचं नाणं ३० जून २०११ पासून चालत नाही, हे मी त्याला सांगतो. आठ आण्याचं नाणं कायद्यानं चालतं. पण आठवडी बाजारात त्यावर कोथिंबिरीची काडीदेखील मिळत नाही, हे तो मला सांगतो. दहा रुपयांच्या नाण्याची तर तऱ्हाच निराळी. त्याची एकामागून एक चौदा रूपं निघाली. मग यातलं खरं कोणतं नि खोटं कोणतं, यावर गावोगाव वाद झडू लागले. शेवटी १७ जानेवारी २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेला पत्रक काढून सांगावं लागलं, की बाबांनो, चौदाच्या चौदा चालतात! पत्रक निघालं, ते आम्ही काचेला चिकटवलं. पानवाल्यानं काही ते वाचलं नाही. नाणं काही चाललं नाही.

यावरून मी एक सिद्धान्त काढला आहे. नाणं स्वतःच्या पायानं चालत नसतं. समोरच्यानं हात पुढं केला तर ते चालतं. तेव्हा 'हे चालतं का?' या प्रश्नाचा खरा अर्थ, 'तुम्ही मला सांभाळून घ्याल का?' असा आहे. आणि एकदा तो अर्थ लक्षात आला, की काउंटरवर बसून 'नाही चालत, पुढं सरका' म्हणणं जरा जड जातं. म्हणतो मी, पण जड जातं.

हा प्रश्न चिल्लरीपुरता असता, तर मी त्यावर निबंध लिहिला नसता. पण माझा एक पुतण्या पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे आणि त्याच्याही गळ्यात नेमकं हेच घोंगडं येऊन पडलं. दिवसा तो कंपनीचं काम करतो, त्याचा त्याला पगार मिळतो. रात्री तो लोकांसाठी काम करतो, त्याचं त्याला काही मिळत नाही. उलट लोकांच्या तक्रारी मिळतात. आमच्या पिढीत अशा मुलाला समाजकार्यकर्ता म्हणत. आता त्याला 'मेंटेनर' म्हणतात. त्यानं एक छोटा प्रोग्रॅम लिहून जगाला फुकट दिला आहे. आकडा घातला की तो मराठी अक्षरांत रक्कम लिहून देतो. चेकवर 'अक्षरी रुपये' लिहिताना एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी या आकड्यांपाशी भल्याभल्यांचं पेन कसं हवेत थांबतं, हे मी त्याला दिवाळीत सांगितलं होतं. त्याचं हे फळ.

हा प्रोग्रॅम ज्या भाषेत लिहिला आहे तिचं नाव पायथन. पायथन म्हणजे अजगर, हे कळल्यावर आमच्या वहिनींनी, म्हणजे त्याच्या आईनं, 'दुसरी एखादी बरी भाषा नव्हती का रे?' असं विचारलं. त्यानं खुलासा केला, की हे नाव अजगरावरून आलेलं नाही. ग्विदो व्हान रोस्सम या डच गृहस्थांनी ही भाषा केली आणि १९९१ साली लोकांपुढं ठेवली. तिचं नाव त्यांनी मॉन्टी पायथन या विलायतेतल्या विनोदी मंडळीवरून ठेवलं. हे ऐकल्यापासून त्या भाषेबद्दल मला आपुलकी वाटू लागली. विनोदी माणसांच्या नावानं जगात काही उपयुक्त काम झाल्याचं हे एकच उदाहरण माझ्या पाहण्यात आहे.

तर या भाषेच्या आवृत्त्या निघतात. दर ऑक्टोबरला एक नवी आवृत्ती येते आणि प्रत्येकीला पाच वर्षांचं आयुष्य असतं. या पाच वर्षांत तिचं दुखलं-खुपलं पाहिलं जातं, त्यानंतर नाही. म्हणजे कोणत्याही वेळी घरात पाच आवृत्त्या नांदत असतात : एक नवी नवरी, एक आजेसासू आणि मधल्या तीन. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं सांगायचं असतं, की माझी वस्तू यांतल्या कुणाकुणाबरोबर चालेल. त्यातली ३.८ नावाची आवृत्ती ऑक्टोबर २०२४ मध्ये वय होऊन संपली. पुतण्यानं ठरवलं, आता आपणही ३.८ सोडायची. तसं त्यानं जाहीर केलं आणि आठ दिवसांत त्याला एका मास्तरांचं पत्र आलं.

मास्तर आपल्याच जिल्ह्यातले, घाटाखालच्या एका गावातले. आमच्या जिल्ह्याचे दोन मजले आहेत : घाटावर आणि घाटाखाली. वरच्यांना थंड हवा मिळाली, खालच्यांना रेल्वे मिळाली. असा निसर्गानं आणि इंग्रजांनी मिळून न्याय केलेला आहे. तर या मास्तरांच्या शाळेत कुणीतरी देणगी दिलेले जुने संगणक आहेत. त्यांवर विंडोज ७ आहे आणि विंडोज ७ वर पायथन ३.८ च्या पुढची आवृत्ती बसतच नाही. मुलं आळीपाळीनं आकडा घालतात, पडद्यावर अक्षरं उमटतात आणि सगळा वर्ग ती मोठ्यानं वाचतो. मास्तरांनी लिहिलं होतं, "संगणक बदलणे आमच्या हाती नाही. कृपया ३.८ सोडू नये, ही नम्र विनंती."

पुतण्यानं मला फोन केला. "काका, तुमच्याकडं रोज लोक जुनं घेऊन येतात. तुम्ही काय करता?"

"आम्ही परिपत्रक पाहतो," मी म्हणालो.

"आमच्याकडं परिपत्रक नसतं ना, काका! ते मलाच लिहायचं आहे."

वाचकहो, मला त्या मुलाची दया आली. परिपत्रकाची निंदा करणं सोपं असतं. परिपत्रक लिहिण्याची पाळी येणं वाईट. दुसऱ्या दिवशी शाखेत मी ही गोष्ट सांगितली. आमचे कॅशियर म्हणाले, "अरे, राहू दे म्हणावं की जुनं! त्याचं काय जातं?" हेच वाक्य मी पुतण्याच्या कानावर घातलं, आणि काय काय जातं याची मला सविस्तर माहिती मिळाली.

पहिली गोष्ट म्हणजे वेळ जातो. पाच आवृत्त्या आणि संगणकांचे विंडोज, मॅक नि लिनक्स असे तीन घरोबे धरले, तर एक कानामात्रा बदलली तरी पंधरा ठिकाणी तपासून पाहावी लागते. यंत्र तपासून देतं हे खरं, पण पंधरातलं एक जरी रुसलं तरी त्याची समजूत रात्री अकरा वाजता माणसालाच काढावी लागते. दुसरी गोष्ट याहून मोठी. घरात एखाद्या आजोबांना दात नसले, तर त्यांची भाकरी दुधात कुस्करून देता येते. बाकीचे कडक भाकरी खातात. इथं तसं नाही. प्रोग्रॅम एकच, पान एकच. आजोबांना पंगतीत ठेवायचं म्हटलं, तर सगळ्या पंगतीनं कुस्करलेली भाकरी खायची. नव्या आवृत्तीत लिहिण्याच्या ज्या सोयी आल्या, त्या वापरायच्याच नाहीत. कारण त्या जुनीला कळत नाहीत. आणि तिसरी गोष्ट : वय संपलेल्या आवृत्तीच्या दाराची कडी मोडली, तर ती बसवायला सुतार येत नाही. विंडोज एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली. तरी एटीएमच्या पोटात ती इतकी वर्षं तशीच बसून होती, की जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला टप्पे आखून द्यावे लागले आणि वर्षभरात ती काढा असं बजावावं लागलं. चार वर्षं लोकांचे पैसे बिनकडीच्या दारामागं होते. तेव्हा 'जुनं राहू द्या' हा दर वेळी दयाळूपणाच असतो असं नाही. कधी कधी तो दुसऱ्याच्या जिवावरचा आळस असतो.

पण मग उलट टोकाला जावं का? नवं ते ठेवावं, जुनं ते टाकावं, ज्याला जमेल त्यानं यावं? या बाबतीत पायथनवाल्यांच्या घरात जे रामायण घडलं, ते ऐकण्यासारखं आहे.

३ डिसेंबर २००८ रोजी त्यांनी पायथनची तिसरी पिढी काढली आणि दुसऱ्या पिढीतल्या कित्येक चुका सुधारल्या. चुका खऱ्याच होत्या. जुन्या पायथनला पाच भागिले दोन किती, असं विचारलं तर उत्तर येई : दोन. वरचं अर्धं कुठं गेलं, हे विचारायची सोय नाही. मी कॉमर्सचा पदवीधर आहे; अशा रीतीनं अर्धा रुपया गिळणाऱ्या इसमाची आमच्याकडं खातेनिहाय चौकशी होते. दुसरं म्हणजे त्याला मराठीचं वावडं होतं. 'मी' हा शब्द देऊन याची लांबी किती असं विचारलं, तर तो साधारणपणे सहा सांगे. नवा पायथन सांगतो दोन : एक म आणि एक वेलांटी. जुन्याच्या मते 'मी' हा तिप्पट मोठा होता. असा भ्रम माणसांतही आढळतो, पण यंत्रात तो नसलेला बरा. सांगायचा मुद्दा असा, की नवी आवृत्ती ही नुसती हौस नव्हती. मराठी नावाच्या माणसाला तर जुनीपेक्षा नवीतच जास्त न्याय होता.

तरीही लोक जागचे हलेनात. कारण विचाराल, तर ते आळशी होते असं नव्हे. ज्या अवजारांवर त्यांचं पोट होतं, ती नव्या पायथनला अजून लागूच पडत नव्हती. आकडेमोडीचं नमपाय हे अवजार २०१० मध्ये नवीला लागू झालं. संकेतस्थळं बांधण्याचं जँगो २०१३ मध्ये, तेही भीत भीत. नांगराला बसेल असा फाळ बाजारात नसताना 'नवा नांगर का घेत नाहीस?' असं शेतकऱ्याला विचारण्यासारखं ते होतं. शेवटी नव्या पायथननंच २०१२ च्या ३.३ आवृत्तीत एक पाऊल मागं घेतलं. अक्षरं लिहिण्याची एक जुनी खूण त्यांनी निरुपयोगी म्हणून काढून टाकली होती. ती पुन्हा चालू केली. नव्याला तिचा काडीचा उपयोग नव्हता. पण ती असली, की एकच मजकूर दोन्ही पिढ्यांना वाचता येई आणि मागच्याला हळूहळू पुढं सरकता येई. पुढं गेलेल्यानं वळून हात दिल्याचं हे उदाहरण मला फार आवडलं. जुनी पिढी २०१५ मध्ये निवृत्त व्हायची होती. २०१४ मध्ये तिला पाच वर्षांची मुदतवाढ दिली, आणि १ जानेवारी २०२० रोजी ती खरोखरच थांबली. दोन पिढ्या अकरा वर्षं एका घरात नांदल्या. आपल्याकडं एकत्र कुटुंबं याहून लवकर मोडतात.

मुदतवाढ हा शब्द ऐकताच माझ्यातला कारकून जागा झाला, कारण या विषयातली जिल्हा पातळीवरची अधिकारवाणी माझी आहे. आमच्याकडं चेकांची आवृत्ती बदलली, त्या काळात मी काउंटरवर होतो. पूर्वी चेक स्वतः प्रवास करी; मग ठरलं, की चेक जागेवर राहील आणि त्याचं छायाचित्र जाईल. त्यासाठी नव्या धाटणीचा चेक आला, 'सीटीएस-२०१०' नावाचा. जुने बंद करण्याची तारीख ठरली ३१ डिसेंबर २०१२. ती पुढं गेली मार्च २०१३ वर. मग जुलै २०१३ वर. मग डिसेंबर २०१३ वर. त्यानंतर जुन्या चेकांसाठी वेगळं क्लिअरिंग सुरू झालं, आधी आठवड्यातून तीनदा, मग दोनदा, मग एकदा. सप्टेंबर २०१८ पासून महिन्यातून एकदा. आणि ३१ डिसेंबर २०१८ रोजी ते एकदाचं थांबलं. सहा वर्षं!

त्या काळात काउंटरवर मला दोन माणसं भेटली आणि या निबंधाचा सगळा पेच त्या दोघांत आहे. पहिला एक शेतकरी. त्याला मी सांगितलं, दादा, हे चेकबुक आता बदलून घ्या. तो म्हणाला, "साहेब, अकरा पानं कोरी हायेत ना अजून! अन् थ्या बियाणंवाल्याले पुढच्या तारखेचे चेक देऊन बसलो मी, त्याईचं काय करू? पेरणी झाल्यावर वावर म्हन्ते का कधी, का आता मी चालत नाही म्हणून?" या युक्तिवादाला परिपत्रकात उत्तर नव्हतं. दुसरे होते एक निवृत्त शिक्षक. डिसेंबर २०१२ मध्ये थंडीतून सायकल हाणत येऊन, तारखेच्या आधी, जुनं चेकबुक त्यांनी मला परत केलं होतं. पहिली मुदतवाढ झाली तेव्हा ते पुन्हा आले आणि शांतपणे म्हणाले, "म्हणजे वेळेवर आलो तो मीच खुळा काय?" यालाही परिपत्रकात उत्तर नव्हतं.

मुदतवाढ ही अशी दुधारी असते. न जमलेल्याला ती आधार देते आणि वेळेवर आलेल्याला दंड करते. शिवाय न जमलेला कोण आणि न मनावर घेतलेला कोण, हे काउंटरच्या या बाजूनं ओळखू येत नाही. दोघेही 'साहेब' म्हणतात. दोघांच्याही चेहऱ्यावर तेच भाव असतात.

म्हणून शहाण्या माणसांनी चेहरा पाहायचाच नाही, घड्याळ पाहायचं, असं ठरवलेलं दिसतं. त्या नमपायवाल्यांनी २०१९ मध्ये नियम केला, की नवी आवृत्ती काढताना गेल्या बेचाळीस महिन्यांत निघालेल्या पायथनच्या सगळ्या आवृत्त्या सांभाळायच्या, त्याआधीच्या सोडायच्या. पुढं त्या वर्तुळातल्या बऱ्याच मंडळींनी तीन वर्षांचा सरळ हिशेब धरला. यात कुणावर राग नाही, लोभ नाही. आणि मुख्य म्हणजे तारीख आज कळते. आवृत्ती ज्या दिवशी जन्माला येते, त्याच दिवशी ती कधी सुटणार हे मोजता येतं. भेंडवळच्या घटमांडणीकडं आमचा जिल्हा अक्षय तृतीयेला डोळे लावून बसतो, तेवढीही वाट पाहावी लागत नाही.

आधी सांगण्यात किती फरक पडतो, हे नोटांनी आपल्याला शिकवलं आहे. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी रात्री आठला सांगितलं आणि बाराला पाचशे-हजाराच्या जुन्या नोटा थांबल्या. त्यामागची कारणं मोठी माणसं सांगतील. चार तासांत डब्यातली नोट काढून बँकेपर्यंत कुणी येऊ शकत नाही, एवढं मी काउंटरवरून सांगतो. पुढचे पन्नास दिवस आमच्या दारापुढं काय रांगा होत्या, ते साऱ्या गावानं पाहिलं. दोन हजाराची नोट मागं घ्यायचं १९ मे २०२३ रोजी जाहीर झालं, तेव्हा सप्टेंबरअखेरपर्यंत वेळ दिला, वर आठवडाभर वाढवला, आणि त्यानंतरही रिझर्व्ह बँकेच्या कचेरीत ती जमा करण्याचं दार उघडं ठेवलं. नोट जायची ती दोन्ही वेळा गेली. पण दुसऱ्या वेळी माझ्या काउंटरपुढं कुणी रडलं नाही.

इथं माझा निबंध संपला असता आणि 'आधी सांगा, वेळेवर सोडा' असं तात्पर्य काढून मी मोकळा झालो असतो. पण मध्ये अंगठा येतो.

अंगठा ही सहीची पहिली आवृत्ती. मी नोकरीला लागलो तेव्हा अंगठा उठवणाऱ्या माणसाकडं सुशिक्षित लोक कीव केल्यासारखं पाहत. शाईचं पॅड, दोन साक्षीदार, सगळा सोहळा. पुढं यंत्रं आली आणि चमत्कार झाला : अंगठा ही सर्वांत नवी आवृत्ती ठरली! आता एम. ए. झालेला मनुष्यसुद्धा फोन उघडायला अंगठाच उठवतो. मला वाटलं, चला, आमच्या म्हाताऱ्या खातेदारांचे दिवस आले. तर यंत्र त्यांचाच अंगठा घेईना. जन्मभर कापूस वेचलेल्या, सोयाबीन सोंगलेल्या बोटांवरच्या रेषा झिजून गेलेल्या असतात. यंत्राला ते बोट म्हणजे कोरा कागद. एका आजीनं तिसऱ्यांदा पदराला बोट पुसलं आणि मला विचारलं, "का रे भाऊ, मी चालत नाही का आता?"

शाईच्या पॅडनं त्या आजीला कधी परत पाठवलं नव्हतं. आमच्या बँकेत ते पॅड अजून आहे, म्हणून तिचं काम झालं. पण त्या दिवशी माझ्या ध्यानात आलं, की 'जुनं कधी सोडायचं?' या प्रश्नाच्या आधी एक प्रश्न असतो : जुन्यानं ज्यांना सांभाळलं, त्या सगळ्यांना नवं सांभाळतं का? याचं उत्तर 'नाही' असेल, तर तारीख कितीही आधी सांगा. तो न्याय होत नाही. मग मागं राहिलेला माणूस मागं नसतोच. रस्ताच त्याच्यापर्यंत पोचलेला नसतो. पायथनवाल्यांची पहिली काही वर्षं तशीच होती. ते पुढं शहाणे झाले.

हे सगळं मी पुतण्याला एका रविवारी फोनवर ऐकवलं. त्यानं मध्ये दोनदा 'हं' म्हटलं. मग तो म्हणाला, "काका, एक तुमच्या लक्षात आलं नाही. मी ३.८ सोडली, तरी मास्तरांकडचं मी काढून घेत नाही. जो शेवटचा प्रोग्रॅम ३.८ वर चालतो, तो फळीवर तसाच राहतो. नव्यावर मी फक्त चिठ्ठी लावायची, की हा ३.९ पासून पुढं. मास्तरांच्या यंत्रानं मागितलं, की मागवणारा कारभारी चिठ्ठी वाचून त्यांना आपोआप जुनाच देतो."

म्हणजे यांच्याकडं सोडणं आणि हिसकावणं या दोन गोष्टी निराळ्या आहेत. नोटेत तसं नाही, चेकात तसं नाही. संगणकवाल्यांचा मला हेवा वाटला.

मग त्यानं मास्तरांना विचारलं, नव्यात अमुक अमुक येणार आहे, तुम्हाला त्यातलं काय लागेल? २०१९ च्या जून महिन्यात बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'त्रेसष्ट'च्या जोडीला 'साठ तीन' असं वाचन आलं, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता! समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या, की जोडाक्षरं आणि उलटा क्रम यांत लहान मुलं अडखळतात. पुतण्याच्या नव्या आवृत्तीत ही दोन्ही वाचनं यायची आहेत. मास्तरांना ती हवीत का? मास्तरांचं उत्तर आलं : "एकोणऐंशी बरोबर येते ना? मग आमचे भागते. चुकले तर दुरुस्त करून द्यावे, एवढेच."

मागच्याची मागणी पुष्कळदा एवढीच असते. त्याला पुढच्याचं नवं नको असतं. आपलं जुनं मोडणार नाही, याचा शब्द हवा असतो. पुतण्यानं तो दिला, पण मोजून दिला. ३.८ साठी नवं काही नाही; चूक निघाली तर ३० एप्रिलपर्यंत, शाळेचं वर्ष संपेपर्यंत, दुरुस्त करून मिळेल; त्यानंतर नाही. तारीख आजच लिहून टाकली. त्यानंतर मास्तरांनी काय करायचं, याचं उत्तर माझ्या पुतण्याकडं नाही. ते शाळांना संगणक देणाऱ्यांकडं आहे. रात्री अकराला फुकट काम करणाऱ्या मुलाच्या अंगावर ते ढकलणं बरं नव्हे.

आमच्या शेगावहून गजानन महाराजांची पालखी आषाढीला पंढरपूरला पायी जाते. महिनाभर चालते. वाटेत कुणाचे पाय सुजतात, कुणी मागं पडतो. पालखी त्याच्यासाठी वाटेत थांबत नाही. थांबली तर एकादशी हुकेल. पण कोणत्या तारखेला कोणत्या गावी मुक्काम, हे निघण्याआधीच ठरलेलं आणि जाहीर केलेलं असतं. कुणा एकासाठी न थांबणारी पालखी रोज संध्याकाळी सगळ्यांसाठी थांबते. मागं पडलेल्याला ठाऊक असतं, की रात्री उशिरा का होईना, अमुक गावात आपली माणसं सापडतील. आवृत्त्या काढणाऱ्यांना याहून वेगळा धडा माझ्याकडं नाही. चालायचं, पण मुक्काम आधी सांगून चालायचं.

माझ्यापुरतं म्हणाल, तर बँकेनं माझी निवृत्तीची तारीख नेमणुकीच्या दिवशीच कागदावर लिहून ठेवली आहे. तोवर मी चालतो, असं बँकेचं मत आहे. घरचं मत मी विचारलेलं नाही.